तीनशेची यादी बाजूला ठेवा, आधी 'इट'ची जागा बघा

पत्र:

नमस्कार मॅडम, मी मराठी मीडियमची. ऑफिसात सगळा कारभार इंग्लिशमध्ये चालतो, वाचायला-लिहायला तसं जमतं पण फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'टर्न ऑफ', 'पिक अप' अशा क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोड्या, आले की माझी गाडी अडते. इंटरनेटवरून तीनशे फ्रेझल व्हर्बची अर्थासकट यादी काढली, रोज थोडे थोडे पाठ करते आणि आठवड्याभरात सगळं पुसलं जातं. मागे टीमला मेसेज टाकला 'द मीटिंग इज कॉल्ड ऑफ', मला म्हणायचं होतं की पुढे ढकललीये, लोकांनी ती कॅलेंडरमधून उडवूनच टाकली आणि नव्या दिवशी कोणीच आलं नाही. दुसऱ्या एका कॉलवर मी 'प्लीज टर्न ऑफ इट' म्हटलं तर एक ज्युनियर मुलगा हसला. 'टर्न ऑफ द कॅमेरा' बरोबर आहे ना? मग 'टर्न ऑफ इट' का चूक? आणि हे असले दोन-दोन शब्दांचे प्रकार टाळून सरळ एकाच शब्दाचे भारी शब्द वापरले तर चालेल का?
– गोंधळलेली

उत्तर:

ताई, आधी त्या हसण्याचं बोलू कारण पत्र वाचताना मला तेच जास्त लागलं. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 मध्ये इंग्लिशचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला मागून एक छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही जी इंग्लिशची पद्धत आहे, तिचा परक्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी खुद्द कोश करणाऱ्यालाच माहीत होतं की हे बाहेरच्याला जड जाणार. तुम्ही अडखळताय यात तुमच्या मीडियमचा काही दोष नाही, आणि जो हसला त्याला विचारलं असतं की 'टर्न ऑफ इट' का चूक तर त्यालाही कारण सांगता आलं नसतं याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता दुसरी गोष्ट, ही कल्पना तुम्हाला अजिबात नवीन नाहीये. मराठीत 'घेणे' घ्या. मागे घेणे, हाती घेणे, मनावर घेणे, जुळवून घेणे, सगळीकडे घेणे तेच पण अर्थाचा एकमेकांशी संबंध नाही. 'करून टाक', 'करून ठेव', 'करून बघ' यातला फरक तुम्ही कधी यादीतून पाठ केलात का? नाही ना. वाक्यात ऐकला, वाक्यात वापरला, बसला. इंग्लिशलाही तसंच करायचंय, आणि म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की ती तीनशेची यादी बंद करा. यादीत एका बाजूला इंग्लिश जोडी असते, दुसऱ्या बाजूला एक मराठी शब्द, आणि मधलं वाक्य गायब असतं. चूक होते ती नेमकी वाक्यात. अर्थ आठवूनसुद्धा तुमचं 'टर्न ऑफ इट' झालंच की.

तर ते 'इट'. तुमचा प्रश्न फार चांगला आहे, बहुतेक पुस्तकं नुसता नियम सांगून मोकळी होतात. 'टर्न ऑफ द कॅमेरा' बरोबर, 'टर्न द कॅमेरा ऑफ' पण बरोबर, पण 'इट' आलं की एकच जागा, मधली: 'टर्न इट ऑफ'. असं का, तर इंग्लिशमध्ये वाक्याचं वजन शेवटी पडतं. जे नवीन, जे महत्त्वाचं, ते शेवटी ठेवायची सवय. 'इट' म्हणजे ज्याबद्दल आधीच बोलणं झालंय अशी गोष्ट, त्यात नवीन काही नाही, म्हणून तो हलका शब्द मध्ये सरकतो आणि जोर 'ऑफ'वर जातो, कारण सांगायचं तेच असतं, बंद कर. हेच हिम, हर, देम, मी, अस यांना लागू. 'पिक देम अप', 'कॉल हर बॅक', 'वेक मी अप'. उलट जिथे नाव लांबलचक असेल तिथे ते मध्ये कोंबायचं नाही, 'टर्न ऑफ द लाइट्स इन द रूम अपस्टेअर्स' असं शेवटीच ठेवायचं, नाहीतर ऐकणारा 'ऑफ' येईपर्यंत लटकून राहतो.

पण सगळेच असे मधून फाकत नाहीत. 'लुक फॉर इट', 'लुक आफ्टर हिम', 'डील विथ इट', 'रन इनटू देम', यांच्यात मध्ये काही घुसवता येत नाही, 'लुक हिम आफ्टर' कोणी म्हणत नाही. मग ओळखायचं कसं? एक खूण कानाची आहे. मोठ्याने म्हणून बघा, 'टर्न इट ऑफ' मध्ये आवाज 'ऑफ'वर चढतो, 'लुक फॉर इट' मध्ये 'लुक'वर चढतो आणि 'फॉर' पटकन गिळला जातो. जो छोटा शब्द ठसठशीत बोलला जातो तो सहसा सुटा होतो, जो गिळला जातो तो होत नाही. ही खूण 'आफ्टर', 'इनटू' अशा जरा लांब शब्दांना फसवते, त्यामुळे नुसती कानावर विसंबू नका. पक्की खूण शब्दकोशात मिळते. विद्यार्थ्यांसाठीचा कुठलाही चांगला इंग्लिश कोश उघडा, त्यात 'टर्न समथिंग ऑफ' असं छापलेलं असतं, 'समथिंग' मध्ये, आणि 'लुक आफ्टर समबडी' असं, 'समबडी' शेवटी. काही कोशांत मध्ये दोन्ही टोकांचा बाण पण असतो, त्याचा अर्थ नाव दोन्हीकडे चालेल. लोक कोशात अर्थ बघतात आणि पान बंद करतात, त्या 'समथिंग'कडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि सगळी गंमत तिथेच छापलेली असते.

जागा इतकी महत्त्वाची का म्हणते मी, तर दोन जोड्या बघा. 'आय कॅन सी थ्रू इट' म्हणजे मला त्यातली लबाडी दिसतेय, मी फसणार नाही. 'आय विल सी इट थ्रू' म्हणजे मी हे काम शेवटपर्यंत नेईन. तेच शब्द, 'इट' फक्त इकडचं तिकडे. तसंच 'गेट ओव्हर इट', म्हणजे दुःखातून, धक्क्यातून सावरणं, आणि 'गेट इट ओव्हर विथ', म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं. आता एखाद्याच्या घरी वाईट प्रसंग घडलाय आणि तुम्ही धीर द्यायला म्हणून चुकीची जोडी वापरलीत तर काय ऐकू जाईल, विचार करा. शिवाय नुसतं 'गेट ओव्हर इट' असं तोंडावर म्हटलं तर ते 'पुरे आता, विसर' असं तुसडं वाटतं, त्यामुळे ते दुसऱ्याला सांगायला वापरूच नका, स्वतःबद्दल वापरा, 'इट टुक मी अ लाँग टाइम टू गेट ओव्हर इट'.

तिसरा गट सोपा आहे, ज्यांना 'इट' लागतच नाही. 'द प्लेन टुक ऑफ', 'ही डिडन्ट शो अप', 'आय ग्रू अप हिअर', 'द कार ब्रोक डाउन'. इथे चूक वेगळी होते, लोक 'द कार वॉज ब्रोकन डाउन बाय इटसेल्फ' वगैरे लिहितात, नको, गाडी आपली आपण बंद पडते, 'ब्रोक डाउन' संपलं. आणि लहानाचं मोठं होणं 'ग्रो अप', पण लहानाचं मोठं करणं 'ब्रिंग अप', 'शी ब्रॉट मी अप'. हेच 'ब्रिंग अप' मीटिंगमध्ये विषय काढणं या अर्थानेही येतं, 'प्लीज डोन्ट ब्रिंग इट अप टुडे', आज तो विषय काढू नका. दोन्हीकडे 'इट', 'मी' मध्येच, लक्षात आलं ना.

आता तुमची मीटिंग. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द, झालंच समजा. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. दोन्हीकडे 'ऑफ' असल्यामुळे पाठांतरात ते एकमेकांत मिसळले, स्वाभाविक आहे. पण खरं सांगू, ऑफिसच्या मेसेजमध्ये मी 'पुट ऑफ' पण सुचवणार नाही, कारण 'पुट ऑफ' मध्ये थोडी टाळाटाळीची छटा येते, डेंटिस्टकडे जाणं आपण 'पुट ऑफ' करतो. मीटिंगला 'पुश बॅक' किंवा सरळ 'मूव्ह', आणि पुढे वार घालायचाच: 'द मीटिंग हॅज बीन पुश्ड बॅक टू थर्सडे' किंवा 'द मीटिंग हॅज बीन मूव्ड टू थर्सडे'. वार घातला की रद्द झाली असं कोणाच्या मनातही येत नाही, क्रियापद जरा चुकलं तरी वार सांभाळून घेतो.

इथे एक सापळा आहे जो मराठी माणसाला हमखास पकडतो, तो नीट बघून ठेवा. आपण म्हणतो 'पुढे' ढकलली, म्हणजे उशिरा. इंग्लिशमध्ये उशिरा करायला 'बॅक' लागतं, 'पुश बॅक'. आणि 'ब्रिंग फॉरवर्ड', ज्यात 'फॉरवर्ड' म्हणजे पुढे असं आपण शिकलोय, त्याचा अर्थ बरोबर उलटा, अलीकडे आणणं, ठरल्यापेक्षा लवकर घेणं. त्यामुळे शुक्रवारची मीटिंग पुढच्या आठवड्यातल्या सोमवारवर गेली तर 'पुश्ड बॅक टू मंडे', आणि बुधवारी आणली तर 'ब्रॉट फॉरवर्ड टू वेन्झडे'. मराठीतून शब्दाला शब्द लावून इंग्लिश केलं की नेमकी उलटी तारीख कळवली जाते. 'प्रीपोन' आपल्याकडे सर्रास चालतो, आपल्या माणसांत वापरा, पण परदेशातल्या टीमला कळवायचं असेल तर 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहा कारण तो शब्द त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नसतो.

मराठीतून डोकावणारे अजून थोडे सांगते. लाइट 'बंद' करायचा म्हणून 'क्लोज द लाइट' किंवा नुसतं 'ऑफ द लाइट', दोन्ही नको, 'ऑफ' हे एकटं क्रियापद होत नाही, त्याला 'टर्न' किंवा 'स्विच' लागतंच. 'उतरणे'ला आपण 'गेट डाउन' करतो. बस, ट्रेन, विमान यातून 'गेट ऑफ', कार आणि टॅक्सीतून 'गेट आउट ऑफ'. फरक असा की ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिच्यावर आपण 'ऑन' असतो, जिच्यात वाकून बसावं लागतं तिच्यात 'इन', म्हणून चढतानाही 'गेट ऑन द बस' पण 'गेट इन द कार'. घ्यायला येतोस का, याला 'पिक मी' पुरत नाही, 'पिक मी' म्हणजे मला निवड, 'पिक मी अप' म्हणा, तसंच सोडायला 'ड्रॉप मी ऑफ'. 'फॉर्म भरणे' म्हणजे 'फिल इन' किंवा 'फिल आउट', 'फिल अप' टाकी भरायला ठेवा. 'पास आउट' आपल्याकडे कॉलेज पूर्ण करण्याला म्हणतात, पण बाहेरचा माणूस 'आय पास्ड आउट इन 2015' ऐकून तुम्ही बेशुद्ध पडलात असं समजतो, त्यामुळे रेझ्युमेमध्ये 'ग्रॅज्युएटेड'. आणि 'कोप अप विथ' असं काही नसतंच, 'कोप विथ'. ती चूक कुठून येते तेही कळतं, 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' इतके ऐकलेले असतात की त्यातला 'अप' उडी मारून इकडे येतो.

तीन शब्दांचे जे असतात ते सहसा फाकत नाहीत (वरचं 'गेट इट ओव्हर विथ' हा अपवाद), त्यामुळे ते उलट सोपे: 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑफ इट', 'कम अप विथ इट', यांत 'इट' शेवटी. यातला ऑफिसात रोज लागणारा म्हणजे 'लुक फॉरवर्ड टू', आणि त्यावर रोज चूक होते, 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू'. हवं 'मीटिंग यू'. शाळेत शिकलोय की 'टू' नंतर मूळ क्रियापद येतं, मग इथे 'आयएनजी' का? तर इथेही 'इट'च मदतीला येतं. 'टू' नंतर 'इट' ठेवून बघा. 'आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू इट', बरोबर वाटतं. 'आय वॉन्ट टू इट', नाही वाटत. जिथे 'इट' बसतं तिथे क्रियापद 'आयएनजी' लावून येणार, जिथे बसत नाही तिथे मूळ रूप. 'गेट अराउंड टू' पण तसंच, 'आय नेव्हर गॉट अराउंड टू कॉलिंग हिम', त्याला फोन करायचा राहूनच गेला.

भूतकाळ करताना बदल फक्त क्रियापदात, छोटा शब्द आहे तसा राहतो, 'फिगर्ड आउट', 'सेट अप' तर भूतकाळातही 'सेट अप'च. आणि लिहिताना 'लॉग इन' क्रियापद, दोन शब्द, 'लॉगिन' नाम, एक शब्द. म्हणून 'आय लॉग्ड इन', 'आय लॉगिन्ड' नाही. 'बॅक अप' आणि 'बॅकअप' चं पण हेच, 'प्लीज बॅक अप युअर फाइल्स', 'डू यू हॅव अ बॅकअप?'. बोलतानाही फरक पडतो, क्रियापद असेल तर जोर दुसऱ्या भागावर, 'अप'वर, नाम असेल तर पहिल्या, 'बॅक'वर.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, टाळले तर चालतील का. मेलमध्ये बऱ्यापैकी चालेल, बोलण्यात नाही. याला कारण इतिहासात आहे. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर पिढ्यान्पिढ्या दरबार, कायदा यांची भाषा फ्रेंच राहिली, धर्माची आणि विद्येची लॅटिन. त्यामुळे 'कॅन्सल', 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' अशी फ्रेंच-लॅटिन घराण्यातली क्रियापदं आजही कागदावर शोभतात, आणि घरात, रस्त्यावर बोलायला जुनी छोटी क्रियापदंच राहिली, गो, कम, गेट, पुट, टेक, आणि त्यांच्या शेपट्या. 'आय कॅनॉट टॉलरेट द नॉइज' व्याकरणात शंभर टक्के बरोबर आहे पण चहाच्या सुट्टीत कोणी असं बोलला तर नोटीस वाचून दाखवल्यासारखं वाटतं. शिवाय 'वेक अप', 'ग्रो अप' यांना रोजच्या बोलण्यात पर्यायच नाही. आणि उलट बाजूने, सगळेच फ्रेझल व्हर्ब अनौपचारिक असतात हाही गैरसमज, 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पॉइंट आउट', 'लुक इनटू' हे रिपोर्टमध्ये, साहेबांच्या मेलमध्ये बिनधास्त लिहा. 'वी आर लुकिंग इनटू इट' यापेक्षा सभ्य आणि नेमकं वाक्य ग्राहकाला द्यायला मिळणार नाही.

मग यादीच्या जागी काय? डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या दोन अभ्यासकांनी 2007 मध्ये ब्रिटिश इंग्लिशच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात मोजदाद केली, तेव्हा सगळ्यात जास्त वापरातले पहिले 100 फ्रेझल व्हर्बच एकूण वापराच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापतात असं निघालं. वरचे बघा किती साधे आहेत: गो ऑन, कॅरी आउट, सेट अप, पिक अप, गो बॅक, कम बॅक, गो आउट, पॉइंट आउट, फाइंड आउट, कम अप. यातले बहुतेक तुम्हाला आत्ताच येतात. तुमच्या यादीत 'अ'पासून सुरुवात असणार आणि 'अबाइड बाय', 'अकाउंट फॉर' वर तुमचा जीव गेला असणार.

तुमच्याच ऑफिसचे मागच्या आठवड्याचे मेल उघडा, दुसऱ्यांनी लिहिलेले, त्यातून तुम्हाला खरोखर लागतील असे दोन उचला, दोनच. प्रत्येकाची तीन वाक्यं वहीत: एक नावासकट, एक 'इट' घालून, एक भूतकाळातलं. उदाहरणार्थ 'आय नीड टू फिगर आउट द प्रॉब्लेम', 'आय नीड टू फिगर इट आउट', 'वी फिगर्ड इट आउट येस्टरडे'. मोठ्याने म्हणा, मधलं वाक्य दोनदा जास्त म्हणा कारण जीभ तिथेच अडते. मग त्याच दिवशी त्यातला एक खऱ्या मेसेजमध्ये वापरा, कितीही लहान मेसेज असू दे, 'कॅन आय कॉल यू बॅक?' सुद्धा चालेल. एकाच व्हर्बचे सगळे अर्थ एकदम गोळा करायला जाऊ नका, 'मेक अप' चा एक अर्थ गोष्ट रचणं, एक भांडणानंतर जुळणं, एक राहिलेलं भरून काढणं, जो समोर आला तेवढाच वहीत घ्या, दुसरा भेटेल तेव्हा त्याच पानावर खाली लिहा, म्हणून प्रत्येक व्हर्बला थोडी रिकामी जागा सोडून ठेवा.